नालबंदीची उचल
पेशवेकालीन मोडी हिशेब वाचायला बसलो की माझी नजर आधी ‘नालबंदी’ शोधते. मोहिमेआधी शिलेदाराला घोडा-हत्यारांच्या तयारीसाठी मिळणारी ही उचल. शिलेदार स्वतःचा घोडा आणी. बारगिराला तो सरकारी पागेतून मिळे. शिवाजी महाराजांनी भर दिला तो पागेवर. सभासदाच्या बखरीत २५ बारगिरांमागे एक पखाली आणि एक नालबंद सांगितला आहे. पाणी आणि नाल यांचीही आधीच तजवीज करणारी ही नजर मला फार मोठी वाटते. पुढे १८व्या शतकात शिलेदारांवरची भिस्त वाढली. घोडा पडला तर शिलेदाराचा संसारच बुडायचा. मग ऐन लढाईत तो घोड्याला जपणारच! त्याला सरसकट भित्रा ठरवणे मला अन्यायाचे वाटते.