दमनकारी पेशींपासून फॉक्सपी३ पर्यंत : एका पेशीच्या ओळखीचा इतिहास

शरीरातील बहुतेक पेशींत जनुकांचा संच सारखाच असतो. तरीही एक पेशी रोगजंतूंवर हल्ला चढविते आणि दुसरी त्या हल्ल्याला आवर घालते. हा भेद मुख्यत्वे प्रतिलेखन घटकांमुळे, म्हणजे डीएनएला जोडली जाऊन विशिष्ट जनुकांचे कार्य चालू वा बंद करणाऱ्या प्रथिनांमुळे, निर्माण होतो. या तत्त्वाने एका बदनाम संकल्पनेला पुन्हा प्रतिष्ठा कशी मिळवून दिली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

टी-पेशी प्रतिकारक प्रतिक्रिया दडपूही शकतात, असे येल विद्यापीठातील रिचर्ड गर्शन यांनी १९७० च्या सुमारास मांडले. पुढील दशकात ‘दमनकारी टी-पेशीं’वर विपुल संशोधन झाले, मात्र त्या वेगळ्या काढण्याची खात्रीशीर खूण कोणाजवळ नव्हती. त्यांची खूण मानलेल्या ‘आय-जे’ रेणूचे जनुक अपेक्षित जागी नाहीच, हे १९८३ मध्ये उघड झाले आणि संपूर्ण विषयच संशयास्पद ठरला. गर्शन यांचे निधनही त्याच वर्षी झाले. शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये सीडी२५ ही पृष्ठभागावरील खूण दाखविली. परंतु ती उद्दीपित झालेल्या सामान्य टी-पेशींवरही आढळते, त्यामुळे शंका पुरती फिटली नाही.

उत्तर अनपेक्षित दिशेने आले. अणुबॉम्ब प्रकल्पातून उभ्या राहिलेल्या अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत १९४९ मध्ये खवलेदार त्वचेचे, काही आठवड्यांतच मरणारे नर उंदीर जन्मले होते. ‘स्कर्फी’ नावाचा हा वाण जतन झाला, हे विज्ञानाचे भाग्यच म्हणावे लागेल. मेरी ब्रंकॉ व फ्रेड रॅम्सडेल यांनी एक्स गुणसूत्रावरील २० संभाव्य जनुके तपासली; दोष अखेरच्या, विसाव्या जनुकात निघाला. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेले हे फॉक्सपी३ जनुक म्हणजे एका प्रतिलेखन घटकाचेच जनुक होय. मुलग्यांमधील आयपेक्स हा प्राणघातक विकारही त्यातील दोषानेच होतो, हे त्याच वर्षी सिद्ध झाले.

२००३ मध्ये साकागुची यांच्या गटाने उंदराच्या सामान्य टी-पेशींत हे जनुक घातले, तेव्हा त्या पेशी दमनकार्य करू लागल्या. खूण आणि कार्य यांचा दुवा येथे प्रथमच जुळला. या तिघांना २०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

तथापि फॉक्सपी३ म्हणजे नियामक पेशीची संपूर्ण ओळख, असे समीकरण मांडणे घाईचे ठरेल. मानवी सामान्य टी-पेशी उद्दीपित झाल्यावर हे प्रथिन काही काळ बनवितात, तरी त्या नियामक होत नाहीत. स्थिर ओळखीसाठी डीएनएवरील मिथाइल खुणांचा विशिष्ट आकृतिबंधही लागतो.