उद्यानप्रपात

उद्यानप्रपात : परसातील वा बागेतील तळ्यात उंचावरच्या लहान कुंडातून दगडी कडेवरून पाणी पाडून, आणि तेच पाणी पंपाच्या साहाय्याने पुन्हा वर चढवून निर्माण केलेला कृत्रिम धबधबा. जेथे जमिनीला नैसर्गिक उतार आणि जवळच बारमाही झरा आहे तेथे पंपावाचूनही तो साधतो; विजेच्या पूर्वीच्या काळातील उद्यानप्रपात बहुधा अशाच, केवळ उताराच्या बळावर वाहणाऱ्या पाण्याचे असत.

या कलेचा शास्त्रशुद्ध विचार जपानात फार पूर्वी झाला. अकराव्या शतकातील, ताचिबाना नो तोशित्सुना या दरबारी गृहस्थाच्या नावावर परंपरेने मांडल्या जाणाऱ्या ‘साकुतेइकी’ या उद्यानग्रंथात प्रपातांचे अनेक प्रकार वर्णिले आहेत. पाणी वस्त्रासारखे सलग उतरावे अशी इच्छा असेल तर माथ्याचा दगड गुळगुळीत निवडावा व पाण्याचा वेग त्यामागे मंद करावा, आणि ते सुतासुतांनी विभागून पडावे असे वाटत असेल तर पुष्कळ कोपरे पुढे आलेला खडबडीत दगड घ्यावा, हा त्यातील उपदेश आजही जसाच्या तसा लागू पडतो. मोगल उद्यानांत याच तत्त्वाला निराळे रूप मिळाले. जहांगीराने १६१९ मध्ये उभारलेली काश्मीरमधील शालीमार बाग आणि असफखानाची १६३३ मधील निशात बाग यांतून डोंगरचे पाणी नहरीने आणून पायऱ्यापायऱ्यांनी दल सरोवराकडे उतरविले आहे. तिरप्या शिळेवर खवल्यांसारखे कोरीव काम करून तीवरून पाण्याचा पातळ थर सोडण्याच्या रचनेस ‘चादर’ म्हणत; खवल्यांवर फुटणारे पाणी थोडे असूनही शुभ्र व भरघोस दिसे. मराठवाड्यात औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील पाणचक्कीच्या आवारात, दूरच्या झऱ्यांचे पाणी मातीच्या नळांतून आणून, उंच भिंतीत चढवून हौदात पाडले आहे. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यानजीकच्या या पाण्याने दळणाचे जातेही फिरे. पाण्याची नैसर्गिक पातळी आणि नळांचा बंदोबस्त एवढ्याच साधनांवर केवढे काम साधता येते, हे पाहण्यासारखे स्थळ याहून चांगले महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

रचनेचा आरंभ जागेच्या निवडीपासून होतो. सपाट अंगणात एकाएकी उभा राहिलेला दगडांचा ढीग कितीही खर्च केला तरी उपराच वाटतो. म्हणून तळे खणताना निघालेला मुरूम व माती मागे आणि दोन्ही बाजूंस दूरवर पसरून, थरागणिक पाणी मारून व धुमसून, जमीनच हळूहळू चढत गेली आहे असा आभास निर्माण करावा लागतो. उंचीचा हव्यास धरू नये. साठ सेंटिमीटरांचा प्रपात लहान तळ्यास पुरेसा असून, त्याहून फार उंचावरून पडणारे पाणी वाऱ्याने उडते, बाष्पीभवन वाढविते आणि रात्री शेजाऱ्यांच्या झोपेसही बाधक होते. दगड कसे लावावेत याचा उत्तम धडा सह्याद्रीच्या कड्यांवरच मिळतो : लाव्हारसाचे थर आडवे असल्याने पावसाळ्यातील तेथील पाणी टप्प्याटप्प्याने, आडव्या कडांवरून उतरते. घरच्या प्रपातातही काळा पाषाण त्याच्या आडव्या थरांनी, किंचित मागे कलता बसवावा. नदीतले गोल गोटे एकावर एक रचून केलेला उतार कधीच खरा वाटत नाही. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी पितो व त्यावर शेवाळ लवकर धरते. बाजूच्या टप्प्यांना तो शोभतो, पण कडेच्या दगडासाठी वापरू नये.

सर्व बांधकामात निर्णायक तो कडेचा दगड. तो पाणसळीने तंतोतंत सपाट बसला नाही तर सगळे पाणी एका कोपऱ्याने ओघळते. जाणता गवंडी चुना-सिमेंट लावण्याआधी दगड पाचरींवर ठेवतो, तांब्याने त्यामागे पाणी ओततो आणि ते कोठून निसटते ते पाहून पाचर सारतो. हे तीन-चारदा केल्यावर मगच तो सांधा भरतो. दगडाचा ओठ खालच्या भिंतीपासून पाचसहा सेंटिमीटर पुढे असावा व त्याच्या खालच्या अंगाला कडेलगत एक बारीक खाच असावी, नाहीतर पाणी सुटून पडण्याऐवजी दगडालाच चिकटून मागे वळते. दगडांखाली जाड रबरी वा तत्सम जलाभेद्य अस्तर, आणि त्याखाली जाड फेल्टची गादी अंथरतात. हे अस्तर सलग तळ्यापर्यंत यावे आणि त्याच्या दोन्ही कडा पाण्याच्या पातळीहून पुरेशा वर उचलून मगच मातीत दाबाव्यात.

पंप किती मोठा हवा, हे पाण्याच्या थरावर ठरते. कडेवरून वाहणारे पाणी थराच्या जाडीच्या दीडाव्या घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणून ओठाच्या किंचित मागे मोजलेला एक सेंटिमीटरचा थर ३० सेंटिमीटर रुंद कडेवरून चालविण्यास ताशी सुमारे २,००० लिटर पाणी लागले, तर दोन सेंटिमीटरच्या थरास दुप्पट नव्हे, सुमारे ५,६०० लिटर लागते. पंपावर छापलेली क्षमता बहुधा शून्य उंचीची असते. नळीची लांबी, तिची वळणे व चढाव यांनी ती घटते. तेव्हा प्रपाताच्या उंचीवर पंप प्रत्यक्ष किती पाणी देतो तो तक्ता पाहून मगच खरेदी करावी. पाण्याजवळच्या विजेच्या जोडणीस ३० मिलिअँपिअरवर तुटणारे गळतीरोधक यंत्र बसविणे अत्यावश्यक आहे. यात कसूर जिवावर बेतू शकते.

पंप बंद होताच वरच्या टप्प्यांत अडलेले पाणी तळ्यात उतरते. ते सामावून घेण्यासाठी तळ्याची कड पाण्याच्या नेहमीच्या पातळीहून दहा-पंधरा सेंटिमीटर वर हवी, अन्यथा प्रत्येक वेळी पाणी बाहेर सांडून मासेही कडेला येतात.

प्रपाताचा उपयोग केवळ शोभेपुरता नाही. २० अंश सेल्सिअसच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो, तर ३० अंशांस केवळ साडेसात. वैशाखात माशांची तगमग होते ती याचमुळे, आणि फुटून पडणारे पाणी ही तूट बऱ्याच अंशी भरून काढते. हलत्या पृष्ठभागावर डासांची अंडीही टिकत नाहीत. दगडांवर वाढणारे सूक्ष्म जंतू माशांच्या मलमूत्रातील अमोनियाचे आधी नायट्राइटमध्ये व मग तुलनेने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. म्हणून दगडांवरील शेवाळ-जंतूंचा पातळ थर घासून नाहीसा करण्याचा हट्ट धरू नये. नव्या सिमेंटमधून मात्र चुना पाण्यात उतरून ते अल्कधर्मी होते व माशांना अपायकारक ठरते. मासे सोडण्यापूर्वी तळे अनेकदा भरून उपसावे.

पाणी घटू लागल्यास प्रथम पंप बंद करून तळ्याच्या कडेला खूण करावी व एक रात्र थांबावे. बंद असताना पातळी स्थिर राहिली आणि चालू असताना खाली गेली, तर गळती तळ्यात नसून प्रपातात आहे असे समजावे. बहुतेक वेळा तिचे कारण अस्तर फाटणे नसून, माती खचून अस्तराची एखादी कड खाली बसणे एवढेच असते. तो दगड उचलून, कड वर ओढून, मुरूम दाबून पुन्हा बसविला की काम भागते.