पंधरा हत्ती आणि एका प्रांताचा आवाज

चीनचा सरकारी प्रचार म्हटलं की आपल्याला बीजिंग आठवतं. बराच काळ ते बरोबरही होतं. १९५८ साली निघालेलं 'पेकिंग रिव्ह्यू' असो की १९८१ सालचं 'चायना डेली', परदेशी वाचकांशी बोलायचं काम मुख्यतः राजधानीतून चालायचं. प्रांतांची माध्यमं बहुतेक घरच्याच लोकांसाठी असत. १९९९ मध्ये निघालेलं 'शांघाय डेली' हे इंग्रजी दैनिक म्हणजे थोडक्या अपवादांपैकी एक.

ही वाटणी आता मोडली आहे. २०१८ मध्ये चोंगछिंग शहराने 'आयचोंगछिंग' सुरू केलं. तिथे हॉटपॉट भेटतो, डोंगरावर चढलेलं शहर भेटतं, इमारतीच्या पोटातून जाणारी लिझिबाची मोनोरेल भेटते. मग ३१ मे २०२१ रोजी शी जिनपिंग यांनी पॉलिटब्युरोत सांगितलं की चीनची प्रतिमा विश्वासार्ह, हवीहवीशी आणि आदरणीय असायला हवी. त्यानंतर प्रांतोप्रांती 'आंतरराष्ट्रीय संवाद केंद्रं' उघडत गेली. म्यानमार, लाओस आणि व्हिएतनामला लागून असलेल्या युन्नानचं केंद्र २०२२ चं. त्याचा रोख थेट दक्षिण आणि आग्नेय आशियावर आहे.

हे चालतं कसं, ते युन्नानच्याच हत्तींवरून कळतं. २०२१ च्या उन्हाळ्यात शीश्वांगबान्नाकडचे पंधरा रानटी हत्ती शेकडो किलोमीटर उत्तरेला चालत कुनमिंगच्या वेशीपर्यंत आले. जंगलात एकमेकांना चिकटून झोपलेल्या कळपाची ड्रोनने टिपलेली दृश्यं जगभर फिरली. ८ ऑगस्टच्या रात्री कळप युआनजियांग नदी ओलांडून परत फिरला. पुढे १२ ऑक्टोबरला, कुनमिंगमधल्या जैवविविधता परिषदेत बोलताना शी यांनी हीच गोष्ट चीनच्या वन्यजीव संरक्षणाचं फळ म्हणून सांगितली. चार महिन्यांत एका प्रांताची बातमी देशाची ओळख झाली.

यात खोटं काहीच नाही. हत्ती खरे होते, लोकांनी त्यांना दिलेली वाटही खरी होती. पण शीश्वांगबान्नात गेल्या काही दशकांत रबराच्या आणि चहाच्या मळ्यांनी जंगल गिळलं, हेही तितकंच खरं आहे. कळप का निघाला यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही, पण आक्रसलेल्या अधिवासाचा मुद्दा चर्चेत होताच. झोपलेल्या पिल्लांच्या दृश्यात मात्र मळे दिसत नाहीत.

प्रांतिक माध्यमांची ताकद इथेच आहे. त्यांना पर्यटक हवेत, गुंतवणूक हवी, शेजाऱ्यांशी व्यापार हवा. हे हेतू आपल्याला ओळखीचे वाटतात, त्यामुळे आपण सावध होत नाही. नेमणुका आणि मर्यादा मात्र पक्षाच्याच हातात राहतात. म्हणून अशा मजकुरात नुसतं खोटं शोधत बसलं तर फारसं हाती लागत नाही. कॅमेरा कुठे वळला नाही, हे पाहावं लागतं.