ग्राफिक्स हँग

ग्राफिक्स हँग : ग्राफिक्स कार्ड, त्याला मिळणारी वीज किंवा त्याचा ड्रायव्हर यांपैकी एकात बिघाड होऊन संगणक चालता चालता अडकणे. चित्र जागच्या जागी थिजते, माउसचा बाण हलत नाही, स्पीकरमधून शेवटचा आवाजाचा तुकडा घरघरत राहतो. कधी पडदा काळा पडतो, कधी त्यावर रंगीत चौकोनांची रांगोळी उमटते. बोलीत याला ‘पीसी हँग झाला’, ‘स्क्रीन अडकली’ आणि दुरुस्तीवाल्याने एकदा पाहिल्यावर ‘कार्ड गेलं’ असे म्हणतात. यांतले तिसरे निदान गरजेपेक्षा फार वेळा केले जाते.

पहिली परीक्षा फुकटची आहे. कीबोर्डवरचे कॅप्स लॉक दाबावे. दिवा लागला-विझला, तर ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा जिवंत आहे, मेले आहे ते फक्त चित्र. दिवा ढिम्म राहिला, तर अडकण खोलवर आहे. गाभा जिवंत असेल तर विंडोज १० आणि ११ मध्ये विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणे एकदम दाबावीत. बीप वाजते, पडदा क्षणभर विझतो, ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने उभा राहतो आणि सेव्ह न केलेली फाइल कित्येकदा हाती लागते. पॉवरचे बटण दाबून धरण्याआधी हे करून पाहायला पाच सेकंद लागतात.

कसे घडते : प्रोसेसर स्वतः चित्र काढत बसत नाही. तो कामाच्या चिठ्ठ्या मेमरीतल्या एका रांगेत टाकत जातो. कार्ड त्या उचलते, निकालात काढते आणि प्रत्येक टप्प्याला एक वाढता आकडा लिहून ठेवते. तो आकडा पुढे सरकतो आहे ना, यावर ड्रायव्हरचा डोळा असतो. आकडा थांबला तर एक तर काम खरोखर अवजड आहे, नाही तर कार्ड बेशुद्ध पडले आहे. बाहेरून दोन्ही सारखेच दिसते, आणि या विषयातली सगळी गुंतागुंत या एका अडचणीतून निघते.

विंडोज एक्सपीच्या काळात अशा वेळी सगळा संगणकच बसायचा. निळ्या पडद्यावर ‘ईए’ हा कोड आणि ड्रायव्हरमध्ये धागा अडकल्याचा निरोप यायचा. विंडोज व्हिस्टाने ड्रायव्हरची रचनाच बदलली. त्याचा मोठा भाग गाभ्याबाहेर काढला आणि वर टीडीआर नावाचा पहारेकरी बसवला. कार्डाने २ सेकंदांत काम सोडले नाही तर हा पहारेकरी कार्ड रीसेट करतो. ‘डिस्प्ले ड्रायव्हरने प्रतिसाद देणे थांबवले होते, तो पूर्ववत झाला’ अशा अर्थाची सूचना कोपऱ्यात झळकते आणि इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ४१०१ क्रमांकाची नोंद पडते. एका मिनिटात असे पाचाहून जास्त वेळा झाले, किंवा रीसेटच फसला, तर मात्र निळा पडदा ठरलेला. त्यावरचा नेहमीचा कोड ११६.

ही २ सेकंदांची मुदत रजिस्ट्रीत वाढवता येते. पुष्कळ जण हा उपाय औषध म्हणून सुचवतात. थ्रीडी रंगकामाच्या सबस्टन्स पेंटरसारख्या प्रोग्रॅममध्ये तो योग्यच आहे, कारण तिथे एकेक काम खरोखर २ सेकंदांपेक्षा लांबते. गेम खेळताना अडकणाऱ्या संगणकावर मात्र त्याने एवढेच होते की, दोनऐवजी दहा सेकंद थिजलेले चित्र पाहत बसावे लागते.

व्हिस्टाचे आकडे : ग्राफिक्स ड्रायव्हरमुळे संगणक किती वेळा पडतो याचे आकडे कंपन्या सहसा बाहेर देत नाहीत. एकदा ते बाहेर आले, तेही न्यायालयामुळे. ‘व्हिस्टा केपेबल’ हे स्टिकर लावून विकलेले कमी ताकदीचे संगणक व्हिस्टा नीट चालवू शकत नाहीत, अशी तक्रार घेऊन २००७ साली अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या फेडरल न्यायालयात मायक्रोसॉफ्टवर दावा दाखल झाला. २००८ च्या फेब्रुवारीत न्यायालयाने कंपनीचे अंतर्गत ईमेल खुले केले. त्यांत २००७ मधल्या व्हिस्टाच्या क्रॅशची वर्गवारी होती : एनव्हिडियाच्या ड्रायव्हरमुळे २८.८ टक्के, खुद्द मायक्रोसॉफ्टमुळे १७.९ टक्के, एटीआयमुळे ९.३ टक्के, इंटेलमुळे ८.८ टक्के.

हे आकडे तेव्हापासून एनव्हिडियाविरुद्ध फेकले जातात. ते वाचताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एनव्हिडियाची कार्डे तेव्हा बाजारात मुबलक होती, त्यामुळे तक्रारीही मुबलक असणारच. शिवाय नव्या रचनेचा ड्रायव्हर सगळ्यांनाच मुळापासून लिहावा लागला होता. तरीही चारातल्या एकाहून जास्त क्रॅश एकाच कंपनीच्या ड्रायव्हरच्या नावावर, ही गोष्ट लहान नाही. दाव्याला मिळालेला सामूहिक दर्जा २००९ साली रद्द झाला. आकडे मात्र मागे उरले.

ड्रायव्हरच्या आवृत्त्या : ‘नवा ड्रायव्हर टाका’ हा सल्ला निम्माच खरा आहे. २०१० च्या मार्चमध्ये एनव्हिडियाला १९६.७५ हा ड्रायव्हर मागे घ्यावा लागला. त्यात पंख्याचा वेग सांभाळणारा भाग बिघडला होता, कार्ड तापले तरी पंखा नेटाने फिरत नसे. २०१६ च्या मार्चमध्ये ३६४.४७ वर तक्रारींचा पाऊस पडला आणि पाठोपाठ ३६४.५१ काढावा लागला. एएमडीची आरएक्स ५७०० मालिका २०१९ च्या जुलैत बाजारात आली. काळा पडदा पडण्याच्या तिच्या तक्रारींपैकी बऱ्याच मिटल्या त्या २०२० च्या फेब्रुवारीतल्या २०.२.२ या ड्रायव्हरने, म्हणजे सात महिन्यांनी. त्यामुळे अडकणे ज्या दिवसापासून सुरू झाले त्याच्या आदल्या दिवशी काय अपडेट झाले, हा प्रश्न आधी विचारायचा. उत्तर ड्रायव्हर असेल तर मागच्या आवृत्तीवर परतावे. जुना ड्रायव्हर मुळासकट काढायला सेफ मोडमध्ये जाऊन डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर (डीडीयू) हे मोफत साधन वापरतात.

फक्त ब्राउझरमध्ये व्हिडिओ पाहतानाच अडकत असेल, तर ब्राउझरच्या सेटिंगमधले हार्डवेअर अ‍ॅक्सिलरेशन बंद करून पाहावे.

चिपचा सांधा : प्रस्तुत विषयातला सर्वांत मोठा औद्योगिक घोटाळा ड्रायव्हरचा नव्हे, डाखाचा आहे. ग्राफिक्स चिप तिच्या तळपट्टीवर डाखाच्या शेकडो बारीक मण्यांनी टेकलेली असते. मण्यांमधली पोकळी राळेसारख्या पदार्थाने भरतात. चिप तापली की पसरते, निवली की आकसते, पण तळपट्टी त्याच मापाने पसरत नाही. दिवसातून चार वेळा लॅपटॉप चालू-बंद केला की हा ताण चार वेळा त्या मण्यांवर येतो. राळ पुरेशी ताठ नसेल तर मणी तडकतात. आधी गेममध्ये चौकोन दिसतात, मग हँग होते, मग एके दिवशी पडदा उजळतच नाही.

२ जुलै २००८ रोजी एनव्हिडियाने जाहीर केले की, लॅपटॉपमधल्या काही जुन्या चिपांच्या बांधणीचे साहित्य कमकुवत निघाले असून, वॉरंटी आणि दुरुस्तीपोटी १५ ते २० कोटी डॉलर बाजूला काढावे लागतील. वार्ताहरांनी याला ‘बंपगेट’ म्हटले. डेलने बायॉस अपडेट देऊन पंखा जास्त वेळ फिरत ठेवला. हे दुखण्यावर औषध की दुखणे वॉरंटीपलीकडे ढकलण्याची युक्ती, यावर तेव्हा बरीच तू-तू मैं-मैं झाली. अ‍ॅपलने त्याच वर्षी मान्य केले की, ८६००एम जीटी चिप असलेले काही मॅकबुक प्रो यात सापडले आहेत, आणि ते फुकट दुरुस्त करून दिले. पुढे एएमडीच्या चिपा असलेल्या २०११ च्या मॅकबुक प्रोंनाही असाच त्रास झाला. अ‍ॅपलने त्यांच्यासाठी २०१५ च्या फेब्रुवारीत मोफत दुरुस्तीची योजना काढली.

याच सुमारास कार्ड ओव्हनमध्ये भाजण्याचा घरगुती उपाय पसरला : पंखा काढायचा, कार्ड फॉइलच्या गोळ्यांवर ठेवायचे आणि २०० अंशांच्या आसपास आठ-दहा मिनिटे भाजायचे. कार्डे उठून बसतही. पण युरोपात १ जुलै २००६ पासून शिशावर निर्बंध आल्यावर रूढ झालेला शिसेविरहित डाख सुमारे २१७ अंशांना वितळतो. मग २०० अंशांना नेमके जुळते काय, यावर एकमत नाही. अशी कार्डे काही आठवड्यांत पुन्हा झोपतात, हे मात्र बहुतेकांना मान्य आहे. आपल्याकडे ‘चिप लेव्हल’ची पाटी लावणारे ‘रीबॉलिंग’ करून देतात. त्यात चिप आणि बोर्ड यांच्यामधले मणी बदलतात. तडा चिपच्या पोटातल्या मण्यांना असेल तर पैसे पाण्यात.

उष्णता आणि वीज : कार्डाचे चाचणी-अहवाल बहुधा पंचविशीच्या तापमानात लिहिलेले असतात. चंद्रपूर-अकोल्याच्या मे महिन्यात खोलीच ४० च्या पुढे असते, आणि त्याच पंख्याखाली चिपही तितकीच जास्त तापते. उन्हाळ्यात दुपारी अडकणारा आणि रात्री सुरळीत चालणारा संगणक फॉरमॅट मारून सुधारत नाही.

विजेचा दोष याहून फसवा असतो. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला ७५ वॉटपर्यंतच वीज देतो. त्यापुढची भूक सहा पिनांच्या (७५ वॉट) आणि आठ पिनांच्या (१५० वॉट) वायरींवर भागते. कार्ड ही वीज एकसारखी ओढत नाही, हिसके मारत ओढते. स्वस्त एसएमपीएसवर (संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) ६०० वॉट छापलेले असते, पण असा हिसका आला की तो मान टाकतो. चित्र थिजणे हा कार्डाचा दोष, संगणक एकदम बंद होऊन पुन्हा सुरू होणे हा एसएमपीएसचा, हा ठोकताळा दहात सात वेळा लागू पडतो असे दुरुस्तीवाले सांगतात. तो कुणी मोजलेला नाही. २०२० च्या सप्टेंबरात आलेले आरटीएक्स ३०८० काही गेममध्ये कोसळू लागले, तेव्हा आधी कार्डामागच्या कपॅसिटरांवर ठपका आला. त्याच महिन्याअखेरीस ४५६.५५ ड्रायव्हर आला आणि कार्ड न बदलताच बऱ्याच तक्रारी थांबल्या. कपॅसिटर निर्दोष होते की ड्रायव्हरने त्यांना सांभाळून घेतले, हे वादाचे आहे.

तपासणी : अदलाबदल हीच खरी तपासणी, बाकी सगळा अंदाज. मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या जुन्या कारागिराची रीत अजून मोडीत निघालेली नाही. कॅबिनेटची बाजू उघडायची. पंख्याच्या पात्यांत बोट अडकवून ब्लोअर मारायचा, कारण मोकळा पंखा वाऱ्याने भन्नाट फिरला तर बेअरिंग जाते. स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबून कार्ड उचलायचे आणि तळाचे सोनेरी दात पांढऱ्या खोडरबराने, एकाच दिशेने, हलक्या हाताने पुसायचे. दातांवर काळपट धूसर थर असला तर रबर काळे होते. रबराचा चुरा ब्रशने झाडायचा, तो स्लॉटमध्ये गेला तर नवे दुखणे. मग कार्ड परत बसवून खिट्टीचा ‘टक’ आवाज ऐकायचा.

तरीही अडकला, तर कार्ड काढून ऑनबोर्ड ग्राफिक्सवर दिवसभर चालवायचा. आता ठीक चालला, तरी कार्ड दोषी ठरत नाही, कारण कार्ड नसताना एसएमपीएसवरचा भारही उतरलेला असतो. म्हणून तेच कार्ड दुसऱ्या संगणकात घालायचे. तिथेही अडकले तरच ‘कार्ड गेलं’. फरमार्कसारखी ताण-चाचणी वीस मिनिटे चालवताना तापमान आणि पंख्याचा वेग नजरेसमोर ठेवावा. चढत जाऊन अडकला तर उष्णता, ताण पडताच अडकला तर वीज, रिकामा बसलेला असताना अडकला तर बहुधा ड्रायव्हर.

भलत्यावर आळ : या दोषाचे सर्वांत बोलके उदाहरण ग्राफिक्सचे नाहीच. इंटेलचे तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीचे प्रोसेसर असलेल्या संगणकांवर अनरिअल इंजिनवरचे गेम ‘व्हिडिओ मेमरी अपुरी’ असा संदेश देऊन कोसळू लागले. लोकांनी २४ जीबीची कार्डे बदलली, ड्रायव्हर उलटसुलट केले. मुळात गेम सुरू होताना प्रोसेसर दाबून ठेवलेली फाइल उलगडताना चुकत होता, आणि ती चूक व्हिडिओ मेमरीच्या नावावर फाडली जात होती. २०२४ च्या जुलैत इंटेलने कबूल केले की, मायक्रोकोड प्रोसेसरला गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्टमध्ये दुरुस्त मायक्रोकोड आला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढली. आधीच झिजलेले प्रोसेसर त्याने बरे झाले नाहीत.

लिनक्स : कर्नलच्या नोंदींत एनव्हिडियाचा ड्रायव्हर ‘एक्सआयडी’ क्रमांक लिहितो. ७९ म्हणजे कार्डाचा बसशी संपर्कच तुटला, तिथे आधी वीज आणि स्लॉट पाहावा. काळ्या पडद्यावर अडकणारे इन्स्टॉलेशन ‘नोमोडसेट’ हा पर्याय देऊन बहुधा पुढे सरकते.

मॅक : वापरकर्त्याच्या हाती फारसे काही नाही. ड्रायव्हर सिस्टिमबरोबरच येतो.

डेटा सेंटर : मेटाने लामा ३ हे भाषा-मॉडेल १६,३८४ एच१०० कार्डांवर घडवले, त्याचा ५४ दिवसांचा हिशेब २०२४ साली छापला. काम अनपेक्षितपणे ४१९ वेळा थांबले. त्यांतल्या १४८ वेळा कार्डच बिघडले होते आणि ७२ वेळा कार्डावरची मेमरी. प्रत्येक वेळी शेवटच्या जतन केलेल्या टप्प्यापासून काम पुन्हा उचलले गेले, आणि माणसाला मोठा हात घालावा लागला तो फक्त तीनदा.