सूक्ष्मगुरुत्वातील अंकुर
सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरील आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात गुरुत्वाकर्षण नाहीसे होत नाही. भूपृष्ठाच्या तुलनेत ते तेथे जवळपास ९० टक्के असते. मात्र स्थानक व त्यातील सर्व वस्तू पृथ्वीभोवती एकाच वेगाने अखंड पडत असल्याने वजन जाणवत नाही. हेच सूक्ष्मगुरुत्व. पृथ्वीवर मुळाच्या टोकातील पेशींमधले जड स्टार्चकण तळाशी बसतात आणि मुळाला खालची दिशा उमगते. स्थानकात हा संकेत लाभत नाही. २०२५ च्या जून-जुलैमध्ये शुभांशु शुक्ला यांनी तेथे मूग व मेथीला मोड आणले. हा प्रयोग धारवाडच्या कृषी विज्ञान विद्यापीठाने आणि आयआयटीने आखला होता. पृथ्वीवरून रसद पोहोचणे दुष्कर असलेल्या दीर्घ मोहिमांत अंतराळवीरांना ताजे अन्न मिळावे, हा अशा संशोधनाचा हेतू आहे.