चोवीस तास खेळ, सकाळ वगळून: न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएफएएन रेडिओ केंद्राचा इतिहास

१/
१ जुलै १९८७, दुपारचे ३. न्यूयॉर्कमध्ये १०५० किलोहर्ट्झवरील संगीत थांबले आणि सुझिन वॉल्डमन यांच्या आवाजात क्रीडावार्ता सुरू झाल्या. चोवीस तास खेळाला वाहिलेले पहिले रेडिओ केंद्र म्हणून डब्ल्यूएफएएनची नोंद झाली. नावातील शेवटच्या तीन अक्षरांचा अर्थ ‘फॅन’, म्हणजे चाहता. मात्र हे केंद्र तगले ते खेळाशी फारसा संबंध नसलेल्या एका कार्यक्रमाच्या बळावर. त्याची ही कथा.

२/
पार्श्वभूमी आधी पाहू. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील संगीतश्रोता एएमकडून एफएमकडे वळला. तेथील ध्वनी अधिक स्वच्छ होता. एएम केंद्रांपुढे प्रश्न उभा राहिला: आता ऐकवायचे काय? न्यूयॉर्कच्या सुप्रसिद्ध डब्ल्यूएबीसीने १० मे १९८२ रोजी संगीत सोडून संभाषणाची वाट धरली. मानवी बोलण्याला एफएमच्या स्वच्छतेची तितकीशी गरज नव्हती.

३/
१०५० वरील जुने केंद्र डब्ल्यूएचएन. १९७३ पासून तेथे कंट्री संगीत वाजत असे. त्याच्यापाशी आणखी एक ठेवा होता: न्यूयॉर्क मेट्स या बेसबॉल संघाच्या सामन्यांचे प्रसारण. १९८६ मध्ये मेट्सने जागतिक मालिका जिंकली आणि शहर बेसबॉलमय झाले. केंद्राची मालक कंपनी एमिस. तिचे प्रमुख जेफ स्मुल्यन. सामन्यांना एवढा श्रोता मिळतो, तर सामन्यांविषयीच्या चर्चेला का मिळू नये, हा त्यांचा हिशेब होता.

४/
हिशेब प्रारंभी चुकला. सकाळी ग्रेग गम्बेल, दुपारी जिम लॅम्पली, पुढे क्लीव्हलँडहून आणलेले पीट फ्रँकलिन, अशी नामवंतांची फळी उभी राहिली. तरीही केंद्र तोट्यात गेले. निवेदक ख्यातनाम होते, परंतु न्यूयॉर्कच्या गल्लीबोळांतील जुनी वैरे आणि निष्ठा त्यांच्या बोलण्यात पुरेशा उतरत नव्हत्या. शहरातल्या श्रोत्याला आपल्या भांडणात उतरणारा माणूस हवा होता.

५/
कलाटणी मिळाली १९८८ मध्ये. एनबीसीने आपली रेडिओ केंद्रे विकायला काढली आणि एमिसने ६६० किलोहर्ट्झवरील डब्ल्यूएनबीसी मिळवले. या केंद्राचे मूळ नाव डब्ल्यूईएएफ; १९२२ मध्ये त्यावरून गेलेली जाहिरात अमेरिकी रेडिओवरील पहिली सशुल्क जाहिरात मानली जाते. ७ ऑक्टोबर १९८८ रोजी डब्ल्यूएनबीसी मूक झाले आणि डब्ल्यूएफएएन ६६० वर आले. ५०,००० वॅटचा तो ध्वनी रात्री दूरच्या राज्यांतही पोहोचत असे.

६/
या व्यवहारात लहरींसोबत एक माणूसही आला: डॉन आयमस. सकाळच्या त्याच्या कार्यक्रमात राजकारण, उपहास, टवाळकी असे सारे असे. खेळाला स्थान नाममात्र. पण जाहिरातदार त्याच्यामागे होते. ‘चोवीस तास खेळ’ म्हणवणाऱ्या केंद्राने दिवसाची सर्वांत मोलाची वेळ त्याच्या हाती दिली. त्या उत्पन्नाने उरलेल्या दिवसातील प्रयोगाला स्थिरावण्यास अवधी मिळाला.

७/
त्या अवधीचे चीज झाले. सप्टेंबर १९८९ मध्ये माइक फ्रान्सेसा आणि ख्रिस रुसो यांची दुपारची जोडी अवतरली. दोघेही लाँग आयलंडचे. ते एकमेकांशी भांडत आणि दूरध्वनीवरील श्रोत्यांशीही. कालच्या पराभवाने झोप उडालेला सामान्य चाहता आता कार्यक्रमाचाच भाग झाला. १९९२ मध्ये इन्फिनिटी कंपनीने हे केंद्र ७ कोटी डॉलरना घेतले. या साच्याची क्रीडाकेंद्रे देशभर निघाली.

८/
आयमसवरील अवलंबनाची किंमतही मोजावी लागली. एप्रिल २००७ मध्ये त्याने रटगर्स विद्यापीठाच्या महिला बास्केटबॉलपटूंविषयी वर्णद्वेषी व अवमानकारक उद्गार काढले. देशभर संताप उसळला, जाहिरातदार मागे हटले आणि सीबीएसने त्याला काढून टाकले. ज्या केंद्राचे नावच चाहत्यावरून पडले, त्याच्यावरील हे मोठे संकट खेळाडूंच्याच अपमानातून ओढवले.

९/
सप्टेंबर २००७ मध्ये सकाळची जागा बूमर एसायसन हा माजी फुटबॉलपटू आणि क्रेग कार्टन यांच्याकडे आली. आता सकाळ पुन्हा खेळाच्या वाट्याला आली. स्थापनेनंतर तब्बल वीस वर्षांनी. नोव्हेंबर २०१२ पासून हेच प्रसारण १०१.९ एफएमवरही ऐकू येऊ लागले. ज्या एफएमने संगीत हिरावून एएमला बोलते केले, त्याच एफएमवर ते बोलणे जाऊन पोहोचले.

१०/
माध्यमांच्या इतिहासात ‘पहिले’ हे बिरुद ठळक अक्षरांत छापले जाते. ते टिकवण्याचा खर्च कोणी उचलला, हे जमाखर्चाच्या वहीत राहते. डब्ल्यूएफएएनचा आरंभदिन १ जुलै १९८७ हाच. पण त्याला जगण्याची मुदत मिळाली ७ ऑक्टोबर १९८८ ला, आणि त्या मुदतीचे मोल काही खेळाडू तरुणींना २००७ मध्ये चुकवावे लागले.