तळपायाची आग

आपल्याकडे कुणी फार संतापलं की म्हणतात, तळपायाची आग मस्तकात गेली. माझी आग मस्तकापर्यंत कधी गेली नाही, ती तळपायातच मुक्कामाला होती. रोज रात्री साडेअकराच्या सुमारास, पहाऱ्यावरच्या शिपायासारखी वेळेवर हजर. चादर पायावर पडली तरी सहन व्हायची नाही. पंख्याखाली पाय पलंगाबाहेर काढून झोपायचं, दोन वाजता उठून न्हाणीघरात थंड पाणी ओतायचं, पुन्हा आडवं व्हायचं. आमच्या सौभाग्यवतींनी काशाची वाटी आणि तूप घेऊन तळपाय घासून पाहिले. घासताना बरं वाटायचं, वाटी ठेवली की आग परत.

ही गोष्ट कोलकात्यातली. मुलीच्या घरी राहायला गेलो ते २०२१च्या पावसाळ्यात आणि तिथेच रमलो. या मालिकेत मी एरवी लढायांविषयी बोलतो. आज पायांविषयी बोलणार आहे, पण त्यातही फौज आहेच, आणि कोलकाता तर आहेच.

शेजारी एक वृद्ध बंगाली बाई राहतात, सगळे त्यांना माशीमा म्हणतात. माझ्या पायांची तक्रार ऐकल्याबरोबर त्यांनी विचारलं, "तेल कुठलं खाता?" मला कळेना, पायाचा आणि तेलाचा संबंध काय. मग त्यांनी १९८८ची बेहालाची हकीकत सांगितली. भेसळीच्या रेपसीड तेलात ट्रायक्रेसिल फॉस्फेट नावाचं औद्योगिक रसायन मिसळलेलं होतं. ते खाल्लेल्या शेकडो माणसांच्या पायांतली ताकद गेली. काहींची परत आली, काहींची आलीच नाही. त्या पिढीतले कोलकातेकर अजूनही पायाला मुंग्या आल्या की आधी स्वयंपाकघराकडे बघतात.

माशीमांच्या त्या प्रश्नामुळे मी वाचायला लागलो. मी डॉक्टर नाही. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा माणूस, म्हणजे फौजेला जेवू घालणाऱ्या खात्यातला. आटा, डाळ, तेल, साखर, बकरे, भाजीपाला, आणि जिथे ताजी भाजी पोचत नाही तिथे जीवनसत्त्वाच्या गोळ्या, हे सगळं माणशी किती ग्रॅम लागतं ते मोजण्यात माझी नोकरी गेली. त्यामुळे शोधता शोधता जे पहिलं हाती लागलं त्याने मी उडालोच.

कोलकात्यात १८२३ साली मेडिकल अँड फिजिकल सोसायटी ऑफ कलकत्ता नावाची डॉक्टरांची मंडळी स्थापन झाली. तिच्या निबंधांच्या दुसऱ्या खंडात, १८२६ साली, ग्रिअर्सन नावाच्या एका डॉक्टरचा लेख छापला गेला. विषय होता 'नेटिव्हांच्या पायांतली जळजळ'. उणीपुरी सहा पानं. पुढे जगभर ज्याला 'बर्निंग फीट' म्हणू लागले, त्या दुखण्याची ही पहिली नोंद मानली जाते. आणि हे पाय होते आराकानच्या मोहिमेवर गेलेल्या शिपायांचे.

आराकानची मोहीम आपल्याकडे फारशी कुणाला माहीत नसते, म्हणून जरा थांबतो. १८२४ साली कंपनी सरकारने ब्रह्मदेशाशी युद्ध पुकारलं. एक फौज समुद्रमार्गे रंगूनला गेली, दुसरी चितगावमार्गे आराकानात उतरायची होती. बंगाल आर्मीतले शिपाई मुख्यतः अवध आणि बिहारकडचे. जातीचा विटाळ नको म्हणून प्रत्येकाची भांडी स्वतःची, आणि ती वाहायला बैल हवेत. बैल मिळेनात, मिळाले तर परवडेनात. कोलकात्याजवळच्या बराकपूरला ४७व्या पलटणीने सांगितलं, या स्थितीत आम्ही कूच करणार नाही. सरसेनापती एडवर्ड पॅजेट यांनी २ नोव्हेंबर १८२४ला परेडच्या मैदानावरच त्यांच्यावर तोफा चालवल्या. पुढारी बिंदा तिवारी याला फाशी देऊन त्याचं प्रेत साखळदंडांत टांगून ठेवलं. मंगल पांडेच्या ३३ वर्षं आधी, त्याच बराकपुरात. हे बंड भत्त्याचं आणि बैलांचं, असं पुस्तकात एका ओळीत येतं. माझ्यासारख्याला ते रसदीचं बंड दिसतं. माणसाला आपली भांडी आणि आपला शिधा पुढे मिळणार नाही असं वाटलं, तर तो बंदुकीपेक्षा त्याला जास्त घाबरतो.

ती भीती खोटी नव्हती. आराकानची राजधानी १ एप्रिल १८२५ला पडली. लढाईत माणसं थोडी गेली, पण पावसाळा सुरू झाला आणि तापाने फौज आडवी पडली. वर्ष संपता संपता तिथून माघार घ्यावी लागली. अशा फौजेतल्या शिपायांचे तळपाय रात्री जळत होते. ग्रिअर्सनच्या हाती तेव्हा कुठलंच साधन नव्हतं. 'व्हिटॅमिन' हा शब्दच कासिमिर फुंकने १९१२ साली जन्माला घातला. पण त्याने ते दुखणं बघितलं, शिपाई ढोंग करतोय असं न म्हणता लिहून ठेवलं. फौजेतल्या डॉक्टराने शिपायाच्या न दिसणाऱ्या दुखण्यावर विश्वास ठेवणं ही आजही सोपी गोष्ट नाही, मी ते जवळून पाहिलंय.

शिधा आणि नसा यांचा संबंध आपल्या मराठी पलटणींनी स्वतःच्या अंगावर अनुभवलाय. मेसोपोटेमियातल्या कुत-अल-अमाराला टाउनशेंडची सहावी डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५ला वेढ्यात सापडली. आत १०३वी, ११०वी आणि ११७वी अशा तीन मराठा पलटणी होत्या. ब्रिटिश सोल्जर पांढऱ्या मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस खात होते. आपले शिपाई कोंड्यासकट दळलेला आटा खात होते, पण बहुतेकांनी घोड्याचं मांस शिवायला नकार दिला. परिणाम असा की ब्रिटिशांना बेरीबेरी झाला, म्हणजे पाय बधिर, चाल डळमळीत. आपल्यांना स्कर्व्ही झाला, म्हणजे हिरड्या सुजल्या, जखमा भरेनात. एकाच भिंतीच्या आत, एकाच शत्रूच्या माऱ्याखाली, दोन ताटं आणि दोन रोग! पुढे मैदा संपला, ब्रिटिशांनाही आटा खावा लागला, आणि त्यांचा बेरीबेरी ओसरला. मुख्य वैद्यकीय अधिकारी कर्नल पॅट्रिक हेहिर हे सगळं पाहत होते. २९ एप्रिल १९१६ला कुत शरण गेलं. आपल्या शिपायांच्या खऱ्या हालांना तर तिथून पुढे सुरुवात झाली, पण तो वेगळा विषय आहे.

बंगालमध्ये तांदूळ मुख्य, तरी इथे बहुतेक घरांत उकडा तांदूळ शिजतो. भात सालीसकट उकडला की सालीतलं थायमिन दाण्यात उतरतं, मग गिरणीत कितीही सडला तरी काही शिल्लक राहतं. आपल्या कोकणात उकड्या तांदळाची पेज पितात त्यांनाही हाच फायदा. शुभ्र, सडसडीत तांदळाचा सोस महागात पडतो हे १९४२ नंतर जपान्यांच्या कैदेतल्या हजारो सैनिकांना कळलं. सिंगापूरच्या छावण्यांत पांढऱ्या भातावर जगणारे कैदी रात्र रात्र पाय पाण्यात बुडवून बसायचे, नाहीतर फेऱ्या मारायचे. या दुखण्याला त्यांनी चेष्टेनं 'हॅपी फीट' नाव ठेवलं होतं. तांदळाचा कोंडा, यीस्ट, जे मिळेल ते खाऊन पाहिलं. काहींचे पाय सुटकेनंतर अनेक वर्षांनीही बरे झाले नव्हते.

आणि मग १९४६. कोलकात्याहूनच निघणाऱ्या इंडियन मेडिकल गॅझेटमध्ये सी. गोपालन या २७ वर्षांच्या डॉक्टरचा लेख आला, विषय पुन्हा पायांची जळजळ. पुढे भारतीय पोषणशास्त्रातलं सर्वांत मोठं नाव झालेले, शंभरी पूर्ण करून २०१९ साली वारलेले तेच हे गोपालन. त्यांनी रुग्णांना एकेक जीवनसत्त्व वेगवेगळं देऊन पाहिलं. थायमिनने आग हटली नाही, रायबोफ्लेविनने नाही, निकोटिनिक ॲसिडने नाही. कॅल्शियम पँटोथेनेटच्या इंजेक्शनांनी हटली. म्हणून या दुखण्याला आज ग्रिअर्सन-गोपालन सिंड्रोम म्हणतात. एक लेख १८२६चा, एक १९४६चा, दोन्ही कोलकात्यात छापलेले, मध्ये १२० वर्षं.

हे वाचलं आणि माझ्या अंगात शोधक संचारला. मी पँटोथेनिक ॲसिड मागवलं. नुसतं तेवढ्यावर थांबलो असतो तर ठीक होतं. भाचा परदेशातून येणार होता, त्याच्याकडून बी-६च्या मोठ्या कॅप्सूल आणवल्या, एकेक १०० मिलिग्रॅमची, त्या दिवसाला दोन. बी-१, फॉलिक ॲसिड, मॅग्नेशियम, माशाचं तेल, हळदीचा अर्क. भात बंद, गहू बंद, जवस सुरू. मांसाहार मी निवृत्तीनंतर सोडलेलाच होता, आता कुणीतरी दुधाने सूज येते म्हणालं म्हणून दूध-दहीही सोडलं. एक वही केली, स्टोअरच्या लेजरसारखी: तारीख, काय खाल्लं, काय गिळलं, रात्रीची आग दहापैकी किती. फार देखणी वही होती ती. पहिल्या महिन्यात आकडा आठवरून पाचवर आला आणि मी मुलीला सांगितलं, बघ, गोपालनसाहेब बरोबर होते.

वहीत एक घोडचूक होती, आणि ती मला, आयुष्यभर हिशेब तपासलेल्या माणसाला, दिसली नाही. गोपालन यांनी एका वेळी एक बदल केला होता. मी एका आठवड्यात अकरा केले होते. आकडा पाचवर कशामुळे आला? गोळीने, भात सोडल्याने, की नोव्हेंबरात हवा गार झाली म्हणून? वही गप्प. शिवाय गोपालन यांचे रुग्ण खायला न मिळालेले होते. पँटोथेनिक हे नावच ग्रीक शब्दावरून आलंय, 'सगळीकडून' असा त्याचा अर्थ, कारण ते जवळजवळ प्रत्येक अन्नात असतं. पोटभर जेवणाऱ्या निवृत्त लेफ्टनंट कर्नलला त्याची तूट पडायचं कारणच नव्हतं.

चौथ्या महिन्यात आग कमी होऊन दुसरंच काहीतरी सुरू झालं. पाय कापसावर ठेवल्यासारखे वाटू लागले. शर्टाचं बटण लावताना बोटांना बटण सापडेना. एका पहाटे वीज गेली, मी अंधारात तोंड धुवायला डोळे मिटले आणि सरळ बेसिनवर आदळलो. कपाळाला तीन टाके पडले. मुलगी रडली, आणि मग तिने जे सुनावलं ते इथे सांगत नाही.

न्यूरॉलॉजिस्ट तरुण होता, मितभाषी. म्हणाला, "काका, घरातल्या सगळ्या बाटल्या आणा." मी पिशवी ओतली. त्याने चष्मा वर करून प्रत्येक लेबलवरचा बी-६चा आकडा कागदावर मांडला. बेरीज दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या वर गेली. माणसाची गरज सुमारे दोन मिलिग्रॅमची. त्याने सांगितलं, १९८३ साली अमेरिकेत सात जणांची हकीकत प्रसिद्ध झाली होती, रोज दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेणाऱ्यांची. त्यांच्या स्पर्शाच्या नसाच मारल्या गेल्या होत्या. त्यानंतर त्याहून बऱ्याच कमी मात्रेतही हे दिसून आलं. युरोपातल्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली रोजची वरची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली. म्हणजे नसांसाठी घेतलेल्या गोळीनेच नसा जात होत्या.

आणि मूळ आग? रक्तातलं बी-१२ तळाला गेलेलं निघालं. दहा-बारा वर्षं मी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेतोय, त्याने बी-१२चं शोषण घटतं. मांसाहार सोडला तेव्हा एक पुरवठा बंद झाला, दूध सोडलं तेव्हा उरलासुरला दुसरा. मी स्वतःच स्वतःची रसद तोडली होती. हिमोग्लोबिन मात्र छान होतं, त्यामुळे इतके दिवस कुणाला शंका आली नाही. ते छान का होतं याचं उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे. १९२८ साली ल्युसी विल्स नावाची डॉक्टर मुंबईत आली, गिरणगावातल्या गरोदर बायकांच्या पांढऱ्याफटक चेहऱ्यांचं कारण शोधायला. यीस्टपासून बनवलेलं मार्माइट दिल्यावर त्यांचं रक्त सुधारलं, हे तिने १९३१मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातला गुणकारी घटक पुढे फॉलिक ॲसिड म्हणून ओळखला गेला, आणि आपल्या येल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने तो १९४५च्या सुमारास प्रयोगशाळेत तयार केला. लगेच डॉक्टरांच्या ध्यानात आलं की बी-१२ची तूट असलेल्या रुग्णाला नुसतं फॉलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारतं, पण नसांचा ऱ्हास चालूच राहतो. माझ्या रोजच्या अकरा बदलांत फॉलिक ॲसिड होतं, बी-१२ नव्हतं.

बी-६ बंद केल्यावर मला वाटलं, दुसऱ्या दिवशी बरं वाटेल. डॉक्टरने आधीच बजावलं होतं की काही आठवडे उलट वाढेल. वाढलं. बी-१२ची इंजेक्शनं सुरू झाली, दूध-दही परत आलं, साखरेवर लक्ष आलं. बोटांना बटणं सापडायला सहा महिने लागले. तळपायातला कापूस थोडा अजून आहे, डावीकडे जास्त.

वही मी फेकली नाही. आता तिच्यात एका वेळी एकच रकाना बदलतो, तोही डॉक्टरला विचारून आणि सहा आठवड्यांच्या खाली नाही. सध्या रात्रीच्या भाताचं चाललंय: साधा की उकडा. माशीमांचं मत आधीपासूनच ठरलेलं आहे, त्यांनी परवा पाच किलो उकडा तांदूळ आणून दारात ठेवला. काल रात्रीचा आकडा दोन. पुढच्या भागात कुतच्या वेढ्याकडे सविस्तर वळू, मराठा पलटणींचे ते १४७ दिवस.